पक्कं बिल

२०१७ च्या सप्टेंबरमधली रात्र. साडेदहा झाले असतील. जेवण आटोपून अंगणात बाज टाकली होती आणि फोन वाजला. दोन कोसांवरच्या गावातला शेतकरी, आमच्या कृषी केंद्राचं, म्हणजे बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानाचं, बाबांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. तो यवतमाळहून, दवाखान्यातून बोलत होता.

"भाऊ, आमच्या फवारणीवाल्याले भरती केलं. डॉक्टर पुसून राह्यले, कोणतं औषध मारलं म्हणून. शिश्या वावरातच राह्यल्या. तुमचं बिल पाह्यलं तं त्याच्यावर नावच नाही. तुमीच देल्लं होतं न?"

मीच दिलं होतं, चार-पाच दिवसांपूर्वी. पण काय दिलं होतं ते मला आठवेना. त्या आठवड्यात दुकानासमोर बैलबंड्या आणि मोटरसायकली सकाळी सातपासून उभ्या राहत. त्याच्या हातातला कागद माझ्याच अक्षरातला होता. 'औषध, ३ नग' आणि खाली रक्कम. एवढंच.

किल्ल्या घेऊन धावत गेलो. शटर वर केलं, उधारीची वही काढली. वहीतही तेच, 'औषध, ३ नग'. मग खोकी ओढून रॅकवरच्या बाटल्या मोजत बसलो. कोणत्या मालाचे किती नग आले होते, किती उरले, त्या दोन-तीन दिवसांत कोणाकोणाला काय दिलं, असा उलटा हिशेब लावत गेलो. हात थरथरत होते. पाऊण तासाने फोन करून तीन नावं सांगितली, तीही अंदाजाने.

ती नावं डॉक्टरांना कशासाठी हवी होती, हे मला नंतर समजलं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन उतारा म्हणून चालतं. पण बाजारातली कितीतरी कीटकनाशकं अशी आहेत की त्यांच्यावर ठरावीक उतारा नाहीच, फक्त लक्षणं सांभाळत माणसाला तगवायचं. कोणत्या वाटेने जायचं हे त्या नावावर ठरतं, आणि ते नाव मी लिहिलेलं नव्हतं.

माणूस वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला, पण नजर पहिल्यासारखी राहिली नाही. लांबचं धूसर दिसतं, उन्हात डोळे उघडत नाहीत. आमच्या जिल्ह्यात त्या हंगामात सगळेच वाचले नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने दगावलेल्यांचा आकडा वीसच्या पुढे गेला आणि शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. देशभरातली वर्तमानपत्रं आमच्या तालुक्यांची नावं छापू लागली.

का झालं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. एरवी कमरेएवढ्या पिकावर खाली मारायचा फवारा खांद्याच्या वर उचलून मारावा लागला आणि तो वाऱ्याबरोबर तोंडावरच आला. बॅटरीवरचे नवे पंप आले होते, त्यांचा तुषार धुक्यासारखा बारीक. बोंडअळीला बीटी कापसाच्या झाडातच असलेल्या अळीमारक विषाची सवय होऊन गेलेली, म्हणून फवारण्या वाढलेल्या. वरून उमस, उघड्या अंगाने काम. हे सगळं खरं आहे. पण या सगळ्याच्या आधी एक काउंटर येतं. त्या काउंटरच्या आत मी उभा होतो, आणि मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

कृषी केंद्राचा धंदा बाहेरून दिसतो तेवढा साधा नसतो. शेतकरी येतो, पानं खिशातून काढतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "हे पाहा, काय पडलं? जोरदार द्या काही." कृषी खात्याचा माणूस त्याला हंगामात एखाद्या वेळेस भेटतो, कृषी विद्यापीठ अकोल्याला. रोज उघडं असतं ते आमचं दुकान. म्हणजे रोग ओळखणाराही मी, चिठ्ठी लिहिणाराही मी आणि माल विकणाराही मीच. डॉक्टरनेच स्वतःच्या दवाखान्यात मेडिकल स्टोअर टाकलं तर आपण नाक मुरडतो, पण विदर्भातल्या प्रत्येक बाजाराच्या गावात हीच रीत आहे आणि कोणाला ती खटकत नाही. मलाही खटकत नव्हती.

त्यात आपण विषाला औषधच म्हणतो. 'फवारणीचं औषध', 'तणाचं औषध'. बाटलीवर कायद्याने हिऱ्याच्या आकाराची खूण असते, तिचा खालचा त्रिकोण रंगवलेला असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. ही खूण भीतीसाठी आहे. आमच्याकडे तिचा अर्थ नेमका उलटा झाला. "लाल तिकोनवालं द्या भाऊ, हिरव्यानं काही होत नाही," असं म्हणणारी माणसं रोज यायची आणि मी लाल काढून द्यायचो. बाटलीसोबत घडी घातलेला एक कागद येतो. कितीतरी भाषांत, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यात मराठी कुठे आहे ते शोधायलाच मिनिटभर लागतं. त्या दिवसापर्यंत मी स्वतः तो कागद पूर्ण उघडून वाचलेला नव्हता.

मग मी कच्चं बिल का दिलं? एक कारण असं की त्याच जुलैत जीएसटी लागला होता, औषधावर १८ टक्के. गिऱ्हाईकच म्हणायचं, "बिल कायले पाह्यजे, भाव कमी करा." दुसरं कारण मी बरीच वर्षं कोणाजवळ बोललो नाही. त्या तीन नगांत दोन कीटकनाशकं होती आणि एक पिकाचं टॉनिक. तिन्ही एकाच टाकीत कालवून मारायला मीच सांगितलं होतं. असं मिश्रण कोणत्याही लेबलवर लिहिलेलं नव्हतं. नावं लिहिली असती तर माझी शिफारस कागदावर आली असती. आदल्या वर्षी अशाच विक्रीवर टार्गेट पूर्ण करून मी एका कंपनीच्या खर्चाने थायलंडला जाऊन आलो होतो. त्या सहलीचा फोटो दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलेला होता. त्या रात्री बाटल्या मोजताना तो समोरच होता. दुसऱ्या दिवशी काढला.

आमच्या बाबांनी हे दुकान १९८६ मध्ये सुरू केलं. बाबा इमानी माणूस. वजनात कधी खोट नाही. मृग कोरडा गेला आणि दुबार पेरणीची पाळी आली, तर दुसऱ्यांदाचं बियाणं द्यायचे आणि म्हणायचे, "दिवाळीत कापसाचा चुकारा हाती आला की पाहू." कापूस बुडाला तर वहीतलं पान तसंच पुढच्या वर्षात जायचं. तेरवी असलेल्या घरी वसुलीला जायचं नाही, लेकीच्या लग्नाच्या महिन्यात पैसे मागायचे नाहीत, हे त्यांचे नेम. मी लहानपणापासून हेच पाहिलं आणि धंद्यातलं इमान म्हणजे गिऱ्हाइकाशी इमान, असं धरून चाललो. माझ्या हिशेबाने मीही इमानीच होतो. मुदत संपलेला माल मी कधी विकला नाही.

पण दवाखान्यात पडलेला तो माणूस माझं गिऱ्हाईक नव्हता. तो माझ्या दुकानाची पायरी कधीच चढला नव्हता. गिऱ्हाईक होता वावराचा मालक. बाटली त्याने घेतली, पैसे त्याने दिले, कालवून मारा हे त्याने ऐकलं. घरी नेऊन त्याने ती मजुराच्या हातात दिली. दिवसाला आठ-दहा टाक्या पाठीवर वाहून मारणारा, बिडी ओढताना हात न धुणारा, घामाने भिजलेला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावर ठेवणारा माणूस माझ्या कोणत्याही वहीत नव्हता. मी विकलेल्या वस्तूचं शेवटचं टोक त्याच्या हातात होतं आणि माझी जबाबदारी मात्र काउंटरच्या कडेला संपत होती.

तेव्हापासून मला धंद्याच्या नीतीचा प्रश्न असाच दिसतो. ज्याचा आपल्याशी पैशाचा व्यवहार नाही, पण आपल्या व्यवहाराचा भार ज्याच्या अंगावर पडतो, त्याचं आपण काय लागतो? गिऱ्हाइकाला सांभाळणं पुष्कळांना जमतं. त्यात आपला स्वार्थ असतो, आज सांभाळलं तर उद्या तो परत येतो. या दुसऱ्या माणसाला सांभाळून काहीच परत येत नाही.

मोठ्या कंपन्यांसाठी सरकारने कायदा केला. कंपनी कायद्याचं १३५ वं कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. त्यातून शाळांना बेंच मिळाले, गावांना पाण्याच्या टाक्या मिळाल्या, हे मी पाहिलं आहे आणि त्याला नावं ठेवणार नाही. पण हा कायदा नफा झाल्यावर सुरू होतो. नफा कसा झाला, हे तो विचारत नाही.

२०१७ च्या दिवाळीनंतर एका कंपनीने आमच्या तालुक्यात सुरक्षा किट वाटले. प्लास्टिकचा अ‍ॅप्रन, चष्मा, मास्क, हातमोजे. मंडप, हार, फोटो सगळं झालं. भाषण करणाऱ्यांच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. पण तो अ‍ॅप्रन मी घरी आणून आमच्या वावरात घालून पाहिला. पाठीवर पंप, नोव्हेंबरचं ऊन. वीस मिनिटांत आतून ओलाचिंब झालो आणि चष्म्यावर वाफ धरून समोरची ओळ दिसेना. सप्टेंबरच्या उमसेत हा कोणी दिवसभर घालू शकत नाही. ज्याने किट बनवलं त्याने तो घालून एक टाकी मारून पाहिली असती तर हे त्याला तिथेच कळलं असतं. आणि त्याच आठवड्यात त्याच कंपनीचा प्रतिनिधी माझ्या दुकानात बसून पुढच्या हंगामाचं टार्गेट सांगत होता, मागच्यापेक्षा जास्त.

आम्हा वर्धा-यवतमाळकडच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत एक नाव हमखास निघतं, जमनालाल बजाज. कापसाच्या व्यापारातलं घराणं, गांधीजींना वर्ध्याला आणणारे, सेवाग्रामसाठी जमीन देणारे. भाषणात त्यांच्या दानाचा हिशेब सांगितला जातो. मला त्यांची आठवण दुसऱ्याच गोष्टीसाठी येते. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी उघडलं. स्वतःच्या समाजातल्या लोकांचा रोष पत्करून. देणगी दिली असती तर कोणी रागावलं नसतं, उलट कौतुक झालं असतं. त्यांनी आपल्या मालकीच्या जागेचं दार उघडलं, तेही ज्यांना त्या जागेत आजवर धरलंच नव्हतं त्यांच्यासाठी. गांधीजी म्हणायचे की धनवानाने स्वतःला मालक न समजता विश्वस्त समजावं. विश्वस्त हा शब्द मी शाळेत पाठ केला होता. मंदिराचं ते दार पाहून आलो तेव्हा तो मला थोडा समजला. मी दुकानदार आहे, माझ्याजवळ मंदिर नाही. माझ्याजवळ एक काउंटर आहे आणि त्याच्या पलीकडे कोणाला धरायचं, हे ठरवणं माझ्या हातात आहे.

२०१८ च्या हंगामापासून मी एक प्रश्न विचारायला लागलो. कोणी औषध मागितलं की आधी विचारतो, "मारणार कोण?" मजूर मारणार असेल तर म्हणतो, त्यालाही घेऊन ये. आला की त्याच्यासमोर डोस मोजून दाखवतो, फवारा वाऱ्याच्या दिशेनेच मारायला सांगतो, टाकी भरताना काठीने ढवळ, हात घालू नको, हे सांगतो. त्याने कंटाळून मान हलवली तरी सांगतो. बिल पक्कं. त्यावर घटकाचं नाव, बॅच नंबर, पंपामागे किती मिली, सगळं. आणि मजुराला म्हणतो, "हा कागद वावरात खिशात ठेव. चक्कर आली तर दवाखान्यात हाच दाखवायचा." दोन औषधं कालवायला सांगणं मी बंद केलं. लाल त्रिकोणाचा माल त्या वर्षी काढून टाकला, पुन्हा भरला नाही.

गिऱ्हाईक तुटलं. शेजारच्या दुकानात लाल मिळतं, बिलाशिवाय स्वस्त मिळतं, मजुराला घेऊन या असं कोणी म्हणत नाही. एक जण तोंडावर बोलला, "औषध घ्याले आलो भाऊ, शाळेत नाही आलो." त्याचं काय चुकलं? त्याच्या पिकावर अळी होती, त्याला घाई होती. पहिल्या दोन हंगामांत धंदा जवळपास तिसऱ्या हिश्शाने उतरला. ज्यांच्याकडे उधारी होती त्यातले काही फिरकलेच नाहीत, म्हणजे गिऱ्हाईकही गेलं आणि वहीतले पैसेही. घरी बायकोने एकदा विचारलं, "तुम्ही नाही विकलं तं तो दुसरीकडून घेते. मंग त्या मजुराचं काय भलं झालं?" या प्रश्नाला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. माझ्या दुकानातून निघालेल्या बाटलीपुरतं मला माहीत असतं की ती कोणाच्या हातात गेली. मी तेवढंच धरून आहे.

बियाण्याचं त्याहून अवघड आहे. तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं, ज्याला आमच्याकडे चोर बीटी म्हणतात, त्याला सरकारची परवानगी नाही. तरी मे महिना लागला की पाकिटं फिरतात. २०२४ मध्ये बीटीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा सरकारी भाव ८६४ रुपये होता. चोर बीटीला ठरलेला भाव नाही, बिल नाही, उगवलं नाही तर दाद मागायला जागा नाही. मी ते ठेवत नाही. पण मागणाऱ्यालाही मी सरळ दोष देऊ शकत नाही. श्रावणात झडी लागली की निंदायला बाया मिळत नाहीत आणि तण पिकाच्या वर जातं. एका फवाऱ्यात तण जळून पीक उभं राहत असेल, तर तो मोह कोणालाही होईल. मात्र त्याच वेळी मला त्या निंदणाऱ्या बाया दिसतात. ज्यांच्या घरी एक गुंठाही जमीन नाही, त्यांना पावसाळ्यात दोन पैसे मिळतात ते याच निंदणातून. त्याही माझ्या दुकानात कधी येत नाहीत.

खतातल्या लिंकिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची चीड सगळ्यांनाच आहे. डीएपीचं पोतं १३५० रुपयांचं, पण ते हवं तर सोबत न खपणारा माल उचला, असा वरून दबाव येतो. सरकारने यावर बंदी घातली आहे, दबाव तरी येतोच. बहुतेक दुकानदार तो पुढे शेतकऱ्याच्या गळ्यात बांधतात. मी काही वर्षं तो माल स्वतःच्या गोदामात सडू दिला. आता कमी खत उचलतो. यात शौर्य नाही, दरवर्षी नुकसान आहे. माझ्यासारखी पाच-पन्नास दुकानं एकत्र येऊन नाही म्हणाली तर काही होईल. तालुक्याच्या बैठकीत मी हे तीनदा मांडलं आहे, चौथ्यांदाही मांडणार आहे.

दुकानदार खरं बोलतो की नाही हे पाहायचं असेल तर माझ्या मते एकच गोष्ट पाहावी. स्वतःची विक्री कमी करणारं वाक्य तो गिऱ्हाइकासमोर बोलतो का? गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे. सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले तरच फवारणीची वेळ आली, असं शास्त्र सांगतं. म्हणजे कितीतरी वेळा सांगावं लागतं, "आज काही घेऊ नको, सापळा पाह्य आन् सोमवारी ये." तसाच निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळीचं कूट रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात. सुरुवातीच्या फवारणीला तेवढं पुरतं आणि मारणाऱ्याच्या डोळ्यांची आग होत नाही. हे सांगायला मला जड गेलं, हे खरं आहे. सवय नव्हती.

यंदापासून मी निंबोळ्या विकत घेतो. आमच्या भागात जून-जुलैत कडुनिंबाखाली सडा पडतो. बाया आणि पोरं वेचून, वाळवून आणतात. मी दळून ठेवतो आणि पडत्या भावाने देतो. ज्याचे डोळे गेले, म्हणजे पुरते नाही, अधू झाले, त्याची बायकोही आणते. तो आता ढोरं चारतो. झाडाखाली बसून निंबोळ्या वेचता येतात, त्याला जवळचं दिसतं.

मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा आली तेव्हा पायरीखालीच उभी राहिली. वर या म्हटलं तरी नाही. थैली तिथूनच पुढे केली. मी ती इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली आणि आकडा सांगितला, "सहा किलो दोनशे." ती काही बोलली नाही, मान वाकडी करून काट्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, काटा इकडं फिरवा न थोडा. मले दिसत नाही."

काट्याचा आकडा एकाच बाजूला आहे, माझ्या. दुकानात तो आला त्या दिवसापासून तसाच ठेवलेला होता. मी थैली उतरवली, काटा उचलला, तिच्याकडे तोंड करून पायरीच्या कडेला ठेवला आणि थैली पुन्हा वर ठेवली. ती एक पायरी चढून आली, वाकली आणि बोटाने एकेक आकडा वाचू लागली.